संभारा बाजूला सरकला

बडोद्यात सुनेला दिवस गेल्याचं सर्वांत आधी कळतं ते फाफड्याच्या पुडीतून. रविवारी सकाळी रावपुऱ्यातून नाहीतर मांडवीकडून गरम फाफडा-जिलेबी घरी येते. सोबत तळलेल्या मिरच्या, बेसनाची कढी आणि कच्च्या पपईचा संभारा. हळद-मोहरीच्या फोडणीतला, पिवळाजर्द. एरवी हाच संभारा जास्त मिळावा म्हणून जी "भाई, संभारो थोडो वधारे" असं दुकानदाराला दोनदा बजावून येते, ती सून त्या रविवारी त्याला हात लावत नाही. बोलता बोलता, अगदी सहज, बोटानं तो कागदाच्या कडेला सारते. झालं! सासूचा कप ओठांपाशी थबकतो. झोपाळ्यावरची आत्या पायानं झोका द्यायची थांबते. आणि मग सासू म्हणते, "आज जिलेबी जरा जास्तच गोड आहे, नाही?"

आत्या म्हणते, "हो ना."

मला कौतुक आहे ते या "हो ना"चं. बाईला दिवस गेलेत हे ओळखणं ही काही मोठी विद्या नव्हे. ओळखल्यावर तिसरा महिना लागेपर्यंत चेहऱ्यावर त्याची रेषही उमटू न देणं, ही खरी साधना. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

गरोदरपणी पपई वर्ज्य, यात तथ्य किती, हे विचाराल तर थोडंसं आहे. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे गुण असतात, म्हणून डॉक्टरही कच्ची पपई टाळा म्हणतात. पिकल्या पपईला उगाच त्याच यादीत बसवलं आहे. पण आत्याला पपईच्या रसायनाशी देणंघेणं नाही. तिचा तर्क सरळ आहे. मळमळ लपवता येते, जांभई लपवता येते, पण काळजी लपवता येत नाही. नवीन सून स्वतःच्या शरीरानं पकडली जात नाही, ती पकडली जाते स्वतःच्या खबरदारीनं. काल-परवापर्यंत ॲक्टिवा दामटत न्यायमंदिरापासून अलकापुरीपर्यंत दहा मिनिटांत पोहोचणारी पोरगी आज गतिरोधकापुढे स्कूटर जवळजवळ थांबवते आणि वळसा घालून खड्डा चुकवते. मागे बसलेल्या सासूला त्या एका वळशात सगळं समजतं. पावागडला जायचं ठरलं तर "तुम्ही या जाऊन, मला ऑफिसचं काम आहे" असं ती म्हणते, आणि तेही रविवारी!

आणि नवरात्र. पुण्या-मुंबईच्या वाचकाला याचं गांभीर्य कळायचं नाही. बडोद्यात गरबा हा काही कार्यक्रम नव्हे, ती हजेरी आहे. मैदानावर हजारोंची वर्तुळं अनवाणी फिरत असतात आणि चनिया-चोळी वर्षभर आधी शिवायला टाकलेली असते. अशा नऊ रात्रींत जी मुलगी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून "माझा घोटा दुखतोय" म्हणते, तिचा घोटा दुखत नसतो हे तिच्या पुढून फिरत गेलेल्या पहिल्या वर्तुळालाच कळतं. दुसऱ्या वर्तुळापर्यंत बातमी कारेलीबागेत पोहोचलेली असते. शेजारच्या गुजराती बेन फेरीतून जाता जाता तिच्याकडे बघून नुसत्या हसतात. त्या हसण्यात "सारा दहाडा छे" हे पूर्ण वाक्य असतं. ते त्या मोठ्यानं म्हणत नाहीत, इतकंच.

तसं पाहिलं तर या गावात शरीराची लक्षणं वाचणं अवघडच आहे, कारण गावच लक्षणं तयार करतं. थकवा म्हणावा तर नवरात्रानंतर अख्खं बडोदं आठवडाभर थकलेलं असतं. मळमळ म्हणावी, तर उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सकाळपासून गच्चीवर उन्हात उभं राहून उंधियू आणि जिलेबी खाल्लेला कुठलाही पुरुष संध्याकाळी तिसऱ्या महिन्यातला वाटतो. छातीत जळजळ हे तर सेव-उसळीचं रोजचं दान. सेव-उसळ ही आपल्या मिसळीची बडोद्यात दिलेली बहीण. माहेरचं तिखट तिनं सोडलं नाही आणि सासरची शेव घरभर पसरून ठेवली. तेव्हा "सकाळपासून आंबट ढेकर येतायत" या वाक्यावर इथे कुणी मान वर करत नाही. मान वर होते ती उलट झाल्यावर. सेव-उसळीच्या हातगाडीजवळून जाताना एखादी नाकाला ओढणी लावते आणि म्हणते, "शी, कसला वास येतोय." तो वास गेली कित्येक वर्षं तसाच येतोय. बदललंय ते नाक.

नाकाचं हे बदलणं खरं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वास टोचायला लागतात, फोडणी नकोशी होते, चहा नकोसा होतो. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि तिला सकाळचीच वेळ लागते असं काही नाही; संध्याकाळी सहालाही ती तितक्याच निष्ठेनं येते. छाती जड वाटते, झोप अनावर होते, लघवीला वारंवार जावं लागतं. आठवडे मोजायची डॉक्टरांची रीत मात्र आत्याला शोभेल अशी आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ते मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशी बाई चार आठवड्यांची गरोदर असते, आणि त्यातले पहिले दोन आठवडे ती गरोदर नव्हतीच! ही सूट कोणत्याही सरकारी खात्यात मिळायची नाही.

आंबटाचं काय, असं तुम्ही विचारणारच. आंबट खावंसं वाटणं हे लक्षण चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. पाळी न येणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना उडणं, ओकारी, अंग जड होणं, डोळे मलूल होणं या सगळ्यांबरोबर आंबटाची ओढ तिथे 'विशेष करून' म्हणून सांगितली आहे. पण चरकाचार्यांनी हे लिहिताना बडोद्यातला मराठी संसार पाहिलेला नव्हता. इथे मुळात दोन प्रकारच्या आमट्या नांदतात. आपली चिंच-गुळाची, आणि शेजारची, जिच्यात गूळ आधी पडतो आणि डाळ नंतर. शाळेबाहेरच्या गाडीवर कातरा, म्हणजे कच्ची चिंच, आणि गोरस आंबली इथे लहानपणापासून सगळ्यांनीच खाल्लेली असते. त्यामुळे मराठी सून चिंचा चघळताना दिसली तर आत्या ढिम्म असते. पण समोरच्या घरातली गुजराती सून "डाळीत आज गूळ नको" म्हणाली, तर? मग तिच्या सासूनं लगेच देवघरात दिवा लावला तरी कुणाला नवल वाटत नाही.

आत्याच्या पिढीच्या दिव्यदृष्टीबद्दल आपण फार ऐकतो. चालण्यावरून ओळखायच्या, चेहऱ्यावरच्या तेजावरून ओळखायच्या, गळ्याजवळची नाडी उडताना बघून ओळखायच्या. मला याविषयी दाट संशय आहे. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, त्याच्या भिंतींवरची चित्रं बघायला लोक लांबून येतात; पण बडोद्यातल्या साध्या वाड्यांत बघण्यासारखं दुसरंच काही होतं. संडास एक, तोही अंगणाच्या पार टोकाला. कोण किती वेळा गेलं याची नोंद ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आपोआप ठेवत. आणि त्याहून मोठी नोंद म्हणजे कावळ्याची. महिन्याचे ते चार दिवस सुना बाजूला बसत. वेगळं पांघरूण, वेगळं पाणी, स्वयंपाकघर बंद. कुणाला कधी कावळा शिवला हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. मग ज्या महिन्यात कावळा फिरकला नाही, त्या महिन्यात चेहऱ्यावरचं तेज बघायची गरज कुणाला? सासू बोटांवर दिवस मोजायची आणि मग जाहीर करायची, "मला हिच्या चालण्यावरूनच कळलं." चालण्यावरून कसलं! पंचांगावरून कळलं होतं.

बाजूला बसणं संपलं, फार बरं झालं. पण त्या दिवशी एका अख्ख्या पिढीची गुप्तवार्ता शाखा बंद पडली. आता त्यांना संभाऱ्यावर दिवस काढावे लागतात.

या सगळ्या हेरगिरीला बडोद्यात राजमान्यता आहे, असं म्हटलं तर कुणी रागावू नये. 1870 च्या नोव्हेंबरात खंडेराव महाराज गायकवाड वारले. मुलगा नव्हता. पण महाराणी जमनाबाईंना दिवस गेलेले होते. महाराजांचे भाऊ मल्हारराव तोवर पादऱ्याला कैदेत होते, त्यांना आणून गादीवर बसवलं, पण अटीवर: राणीला मुलगा झाला तर गादी त्याची. 5 जुलै 1871 रोजी जमनाबाईंना मुलगी झाली, ताराबाई. आता आत्याच्या पद्धतीनं बोटांवर दिवस मोजा. पूर्ण दिवसांची बाळंतीण धरली, तर महाराज गेले तेव्हा जमनाबाईंना नववा आठवडा चालू होता. नववा आठवडा! ना पट्टी, ना सोनोग्राफी. एवढ्या कोवळ्या लक्षणांवर एका संस्थानाचा वारसाहक्क लटकत राहिला, आणि पुढचे सात महिने दिवाणखान्यापासून ब्रिटिश रेसिडेन्सीपर्यंत सगळे एका बाईच्या पोटाकडे बघत बसले. एरवी सुनेकडे चार जावा आणि दोन नणंदा बघतात, तर ती वैतागते. जमनाबाईंनी संभारा सारला असता, तर कलकत्त्याला तार गेली असती.

मल्हाररावांनाही पुढे याच हिशेबानं गाठलं. 1874 च्या मे महिन्यात त्यांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलगा झाला. मे ते ऑक्टोबर मोजायला एका हाताची बोटं पुरतात. रेसिडेंट कर्नल फेअर तर लग्नालाच गेला नव्हता. त्यानंतर फेअरवरच्या विषप्रयोगाचं प्रकरण झालं, 1875 च्या एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलाचाही हक्क गेला. मग जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच सयाजीराव. सक्तीचं शिक्षण, वाचनालयं, कलाभवन, ज्या ज्या गोष्टींचा बडोदेकर उठताबसता अभिमान सांगतो, त्या सगळ्या 1871 च्या जुलैमधल्या त्या दिवसावर अवलंबून होत्या. सुईणीनं "मुलगा" म्हटलं असतं, तर कवळाण्याचा पोरगा गुरंच राखत राहिला असता. या शहरात सयाजीरावांचे पुतळे आहेत, सयाजीबाग आहे, विद्यापीठ आहे. मांडवीच्या बाजूला सरकारी इस्पितळाला जमनाबाईंचं नाव आहे, आणि बायका तिथे बाळंतपणाला जातात, हेही योग्यच. ताराबाईंच्या नावानं निदान एखादी गल्ली तरी असायला हरकत नव्हती. मुलगी झाली म्हणून गावाचं इतकं भलं झाल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

आता पट्टीकडे येऊ. बडोदं हे औषधांचं गाव. अलेम्बिकचा कारखाना 1907 सालचा, पुढे साराभाई आले. प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी त्यांपैकी एका ठिकाणी नोकरीला होतंच. अशा गावात गरोदरपणाची पट्टी गुपचूप विकत घेणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आपल्या पेठेतल्या औषधवाल्याकडे जाणं शक्यच नाही, तो सासऱ्यांचा वर्गमित्र असतो. म्हणून सून थेट अलकापुरीला जाते. तिथला औषधवाला पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर काळी पिशवी घालून देतो, इतकी गुप्तता की शेजारी खोकल्याचं औषध घेणाऱ्या आजोबांनाही कळतं. आणि पैसे देताना तो हसून विचारतो, "तमे पेला दांडिया बजारवाळा काकाना घरना ने?"

पट्टीचं काम मात्र चोख आहे. फलित बीज सहा ते दहा दिवसांनी गर्भाशयाच्या भिंतीत रुजतं आणि मग एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात आणि लघवीत उतरू लागतं. दर दोन-तीन दिवसांनी ते जवळजवळ दुप्पट होतं. पाळी चुकल्यावर सकाळची पहिली लघवी घ्यावी ती याचसाठी, ती सर्वांत दाट असते. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे, आणि दुसरी रेघ पुसट असली की नवरा-बायको खिडकीशी उजेडात उभे राहून भांडतात. घाईनं केली तर पट्टी नाही म्हणते आणि चार दिवसांनी हो म्हणते. यात पट्टीचा दोष नसतो.

ही सोय अगदी अलीकडची. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून बघत. मग अमेरिकेत सशिणी आल्या. सशीण कापूनच निकाल बघावा लागे, त्यामुळे बाईला दिवस गेलेले असोत वा नसोत, सशिणीचे दिवस भरलेलेच. त्यानंतर आफ्रिकेतली एक बेडकी आली. तिला टोचलं आणि तिनं अंडी घातली, की गोड बातमी. बेडकी जिवंत राहायची आणि पुढच्या बाईसाठी पुन्हा हजर. प्राचीन इजिप्तमध्ये गहू आणि जवाच्या पोत्यांवर लघवी शिंपडून कोंब येतात का बघत. हे मी एकदा आत्याला सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढे गहू वाया घालवण्यापेक्षा त्यांनी सरळ तिच्या सासूला का नाही विचारलं?"

एका बाबतीत आत्या थट्टा करत नाही, हेही सांगून ठेवते. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एकाच बाजूला कळ येतेय किंवा अंगावरून जातंय असं कुणी म्हणालं, की ती झोपाळ्यावरून उठते, चपला शोधते आणि रिक्षा बोलावते. गर्भ नळीत राहिला तर काय होतं, हे तिनं पाहिलेलं आहे. त्या वेळी ओळख न दाखवण्याचा सगळा शिष्टाचार गुंडाळून ठेवायचा असतो.

बाकी वेळी शिष्टाचार कडक. घरात सर्वांत शेवटी कळतं ते नवऱ्याला. तो तिच्याबरोबरच झोपतो-उठतो, तिची मळमळ बघतो आणि तिला पित्ताची गोळी आणून देतो. "काल रात्री पनीर खाल्लंस ना, म्हणून," असं निदानही सांगतो. सासरे तेवढे अनपेक्षित निघतात. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, पण त्या आठवड्यापासून खंडेराव मार्केटातून येताना न सांगता डाळिंबं आणायला लागतात. सासू डाळिंबांकडे बघते, सासऱ्यांकडे बघते. तेही "हो ना"वाल्यांत सामील झाले, हे तिला कळतं.

मग मुलगा की मुलगी. डोहाळे गोडाचे की तिखटाचे, पोट टोकदार की पसरट, उजवा पाय आधी पडतो की डावा, यावर हे शास्त्र चालतं. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 साली झाला. डॉक्टरच्या भिंतीवर त्याची पाटी लटकते, आत्याच्या झोपाळ्यावर नाही. पण तिचं निदान निम्म्या वेळाच बरोबर येतं, आणि चुकलं की ती म्हणते, "मी म्हटलंच होतं." हे निदान रुपयाचं नाणं टाकूनही होतं, आणि त्याला झोपाळा लागत नाही.

तिसरा महिना लागला, की चोरओटी. बाहेर कुणाला न सांगता, घरातल्या घरात, खण-नारळानं भरायची. नावातच चोरी आहे, आणि तिला डझनभर बायका हजर असतात. गुजराती शेजारणी सातव्या महिन्यातल्या श्रीमंताची, म्हणजे सीमंताची, वाट बघत असतात, त्यांचा थाट मोठा. बडोद्याच्याच प्रेमानंद कवींनी सतराव्या शतकात 'कुंवरबाईनुं मामेरुं' रचलं ते याच समारंभावर. नरसिंह मेहतांच्या लेकीचं सीमंत, बाप भजनात दंग आणि खिसा रिकामा, आणि सासरची म्हातारी वडसासू मामेऱ्याची, म्हणजे माहेरच्या आहेराची, लांबलचक यादी सांगत बसलेली. शेवटी यादीत दोन धोंडेही घालते. देव स्वतः येऊन ती यादी पुरी करतो. आख्यान गाजलं ते यादीमुळे. कुंवरबाईला त्या दिवशी मळमळत होतं का, ही चौकशी त्या घरात कुणी केली असेल असं वाटत नाही.

आणि एकदाची ती अधिकृत घोषणा होते. संध्याकाळची वेळ, दुलीरामचे पेढे टेबलावर, सून खाली मान घालून उभी, नवरा जगात पहिल्यांदाच हे घडतंय अशा चेहऱ्यानं. तो सांगतो. सासू दोन्ही हात तोंडावर घेते. "अगंबाई! खरंच?" आत्या झोपाळ्यावरून जवळजवळ पडते. सासरे चष्मा काढून पुसतात आणि "असं होय" म्हणतात. शेजारच्या बेनना हाक मारून सांगितलं जातं, तर त्याही दारातूनच "हाय हाय, शुं वात करो छो!" म्हणत हातातलं पिठाचं ताट खाली ठेवतात. इतका निर्भेळ आनंद आणि इतकं सपशेल आश्चर्य, की सुनेलाही क्षणभर वाटतं, आपण खरंच कुणाला कळू दिलं नाही.

बेन लगबगीनं घरी जातात आणि मिनिटभरात लोकरीचं एक पिवळं स्वेटर घेऊन परत येतात. इवलंसं, गुंड्या लावलेलं, कॉलरला वेलबुट्टी काढलेलं. "जस्ट हमणां ज शरू कर्युं," त्या म्हणतात. फक्त एक बाही विणायची राहिलेली असते.